मागे बसलेला माणूस हलला नव्हता

मला फिट येतात.

एवढं एक वाक्य घराबाहेरच्या माणसाला सांगायला मला जवळजवळ तीन वर्षं लागली. ज्या डॉक्टरबाईंचे उपचार मी घेतो, त्या मागच्या भेटीत म्हणाल्या, "तुमचा अनुभव लिहून काढा. नवे रुग्ण येतात, त्यांच्या घरचे येतात, त्यांना वाचायला देईन." मी हो म्हटलं. घरी वही घेऊन बसलो तेव्हा लक्षात आलं की आजाराबद्दल लिहायचं तर दोन पानं पुरतील. आजार लपवून मी जे केलं ते लिहायचं तर लाज बाजूला ठेवावी लागेल. ती बाजूला होत नाही. म्हणून तिच्यासकटच लिहितो.

गाडी

आम्ही भिवंडीतले जुने. वडील शाळेत शिक्षक होते. मी पशुधन पर्यवेक्षक झालो, म्हणजे गुरांना लस टोचणं, जखमा बांधणं, अडलेली म्हैस सोडवायला मदत करणं, असली कामं. मी काही पदवी घेतलेला डॉक्टर नव्हे, पण गावातले लोक डॉक्टरच म्हणत आणि मीही त्यांना कधी सुधारलं नाही. नोकरी पडघ्याच्या पुढच्या एका सरकारी दवाखान्यात होती. हाताखाली पंधरा-सोळा गावं. हमरस्ता सोडला की डांबर संपायचं. पुढे बैलगाड्यांच्या आणि खाणीवरच्या ट्रकांच्या चाकोऱ्या. पावसाळ्यात त्यांत गुडघाभर चिखल.

त्या रस्त्यांसाठी मी लष्कराने लिलावात काढलेली एक जुनी मोटारसायकल घेतली होती. साडेतीनशे सीसीची, पावणेदोनशे किलोची. हिरव्यावर काळा रंग मारलेला. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. आडवी पडली तर एकट्याने उचलायची म्हणजे कंबर गेलीच. गावाच्या वेशीबाहेर तिचा आवाज आला की लोक गुरं बांधून ठेवत. मला ते फार आवडायचं.

निसरड्या वाटेवर अशी गाडी चालवायचं एक कसब असतं. ते मला येत होतं. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये एका लयीत ठेवायची, पुढचा ब्रेक विसरून जायचा, मागचं चाक घसरलं तरी हँडलशी भांडायचं नाही, नजर चाकासमोरच्या चिखलावर न ठेवता लांब ठेवायची. आणि मागे बसलेल्याने पोत्यासारखं बसायचं. त्याने घाबरून एका बाजूला अंग टाकलं की सगळं वजन तिकडे जातं आणि गाडी हातातून सुटते. हे सगळं अभिमानाने सांगत नाही. पुढे मी जे बोललो ते सगळ्यांना इतकं का पटलं, हे कळावं म्हणून सांगतो.

माझ्या मागे बसायचा काशिनाथ. दवाखान्याचा परिचर, माझ्याच वयाचा, खाडीकाठच्या एका गावातला, दोन मुलांचा बाप. मांडीवर लसीचा थर्मास घेऊन तो असा बसे की मागे कोणी आहे हे विसरायला व्हावं. अंगाने सडपातळ आणि पायाने वाऱ्यासारखा. त्याच्या गावच्या कबड्डी संघाची चढाई त्याच्यावर होती. त्याच्या चढाईला आजूबाजूच्या गावांतून माणसं बघायला येत.

करपलेल्या दुधाचा वास

सुरुवात अगदी क्षुल्लक होती. एका गोठ्यात सुई भरून हात वर केला आणि अचानक करपलेल्या दुधाचा वास आला. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटलं. पुढचं आठवतं ते म्हणजे काशिनाथ माझ्या तोंडाकडे बघतोय.

"सायेब, कुठं गेलेलात?"

"इथेच तर आहे."

"न्हाय, मी तीनदा हाक मारली. तुमी नुसतं तोंड चालवीत होतात, पान खाल्यावानी."

मी हसून टाळलं. उपाशीपोटी निघालो होतो, असं स्वतःला सांगितलं. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मग महिन्यातून दोनदा, तीनदा. कधी ऑफिसात, कधी घरी ताटावर. अर्धं मिनिटही जात नसे. एकदा पडघ्याहून परत येताना वास आला आणि भानावर आलो तेव्हा ज्या चिंचेच्या अलीकडे मी होतो, ती मागे गेलेली होती. गाडी सरळ चालली होती. रस्ता सरळ होता म्हणून.

त्या दिवशी मला कळलं होतं. नाव ठाऊक नव्हतं, पण हे गाडीवर बसायचं दुखणं नाही, हे कळलं होतं. गाडी बाजूला लावून मी एका दगडावर बराच वेळ बसलो. मग उठलो, किक मारली आणि घरी आलो.

का सांगितलं नाही? कारणं तयार होती. धाकटी बहीण उषा लग्नाची होती. घरात फेफऱ्याचा माणूस आहे म्हटल्यावर स्थळं परत गेली असती. नोकरीत फिरतीचं काम, ते जाईल. ही कारणं खोटी नव्हती. पण खरं कारण याहून लहान होतं. मला गाडी सोडायची नव्हती. त्या गाडीवर मी डॉक्टर होतो. पायी चालताना मी कोणीच नव्हतो.

उतार

सत्त्याऐंशीचा जुलै होता. एका गावात म्हशींना घटसर्प झाला होता, दोन दगावल्या होत्या. शेजारच्या गावांत लस टोचायची म्हणून मी आणि काशिनाथ सकाळी निघालो. तीन दिवस पाऊस थांबलेला नव्हता. वाट लाल-काळ्या रेंद्याची झाली होती. एक मोठा उतार, खाली डावीकडे वळण आणि वळणावरून ओहोळाची फरशी. उजव्या हाताच्या खाचरात भाताची आवणी चालली होती, सात-आठ बाया वाकून रोपं लावत होत्या.

उताराच्या माथ्यावर वास आला.

थांबायला वेळ होता, हे मी आजवर फक्त दोन माणसांना सांगितलं आहे. वास आल्यापासून भान जाईपर्यंत चार-पाच श्वास मिळायचे. मी ब्रेक दाबून पाय टेकू शकलो असतो. काशिनाथने विचारलं असतं, "का थांबलात?" आणि मला काहीतरी सांगावं लागलं असतं. मला वाटलं, जाईल हा वास. कधी कधी जायचा नुसताच.

पुढचं मला ठाऊक नाही. भानावर आलो तेव्हा मी खाचरात उताणा होतो, तोंडात चिखल. गाडी माझ्यापासून चार हातांवर आडवी, इंजिन अजून चालू आणि तिच्याखाली काशिनाथचा उजवा पाय. तापलेला सायलेन्सर पोटरीवर. तो ओरडत होता. लसीच्या बाटल्या चिखलात पसरल्या होत्या. बाया धावत आल्या, बांधावरून दोन पुरुष आले, सगळ्यांनी मिळून गाडी उचलली.

त्यांतली एक बाई म्हणाली, "गाडी वललीच न्हाय. सरल आली खाली."

तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. एका पुरुषाने मला विचारलं, "डॉक्टर, कसा झाला ह्यो?"

आणि मी म्हणालो, "हा मागे हलला."

कोणी मला तसं सुचवलं नव्हतं. विचार करून बोललो असंही नाही. पण जीभ अडखळली नाही एवढं नक्की. काशिनाथने वेदनेतही मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. आपण खरंच हललो का, हे तो आठवत होता.

त्याने मागितलेली माफी

खाणीवरच्या ट्रकमधून त्याला इस्पितळात आणलं. नडगीची दोन्ही हाडं मोडली होती, भाजल्याची जखम चिघळली. दोन महिने तो इस्पितळात होता, नंतर चार महिने घरी. हाड जुळलं पण थोडं तिरकं. उजवा पाय आखूड झाला. माझ्या कोपराला खरचटलं होतं, तेवढंच.

मी त्याला भेटायला गेलो ते आठव्या दिवशी. त्याची बायको हिरा पायाशी बसली होती. मला पाहून तो उठायला लागला.

"सायेब, माजा चुकला. मी हल्लो आसन. मना आटवत न्हाय, पन हल्लो आसन. तुमाना काय झाला असता तर?"

हिरा म्हणाली, "मी कवाची सांगतंय, गाडीवर नीट बसत जा."

मी काय केलं? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "जाऊ दे. होतं असं."

मी त्याला माफ केलं. लिहिताना हात थांबतो, पण हेच झालं. त्याने न केलेल्या चुकीबद्दल मी त्याला मोठ्या मनाने माफ केलं, आणि वॉर्डातल्या लोकांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं.

तो कामावर परत आला तेव्हा लंगडत होता. कबड्डी संपली. त्या वर्षी त्याच्या गावचा संघ पहिल्याच फेरीत हरला आणि पोरांनी त्याला नाव ठेवलं, 'हलत्या'. गुरं धरायला आलेले शेतकरीही हसत म्हणायचे, "हलत्या, म्हस तरी नीट धर." तोही हसायचा. मी तिथेच उभा असायचो, सुई भरत.

आणि मी गाडी चालवत राहिलो. त्याच गाडीवर मागे मंगला, माझी बायको, आणि पुढे टाकीवर आमची पाच वर्षांची मुलगी वैशाली, असं वज्रेश्वरीला जाऊन आलो. एकदा नव्हे, तीनदा. माझ्या सगळ्या लाजांत ही सर्वांत खालची आहे. ती उपसून वर काढायला आजही नको वाटतं.

निदानाचा दिवस

दोन वर्षांनी, एका रविवारी सकाळी, अंगणात गाडीच्या चेनला तेल देत असताना मी पडलो. या वेळी वास नव्हता, काहीच नव्हतं. शुद्धीवर आलो तेव्हा तोंडात रक्ताची चव, जीभ चावलेली, लेंगा ओला, सगळं अंग कुटल्यासारखं, नाकाशी कोणाची तरी चप्पल आणि भोवती अर्धी आळी. वैशाली दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि आत पळून गेली. चार दिवस ती माझ्याजवळ आली नाही.

आईने दृष्ट काढली, कोणीतरी भगताचं नाव सांगितलं. मंगलाने कोणाचंच ऐकलं नाही. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळाचा केसपेपर तिने तिसऱ्या दिवशी मिळवला.

डॉक्टरबाई तरुण होत्या, बोलणं हळू. त्यांनी आधी मला विचारलं, "याआधी कधी काही क्षण हरवल्यासारखं झालं होतं?"

"नाही," मी म्हणालो.

मंगला माझ्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, "डॉक्टर, ते हरवणं म्हणजे कसं असतं?"

त्यांनी सांगितलं. माणूस एकाएकी थांबतो, नजर कुठेतरी लागते, ओठ चघळल्यासारखे हलतात, हाक मारली तर ओ देत नाही.

मंगला म्हणाली, "हे होतं यांना. तीन वर्षं तरी झाली. मला वाटायचं, मी बोलते ते यांना ऐकायचंच नसतं. मी रुसायचे."

"गाडी चालवता?" बाईंनी मला विचारलं.

"मोटारसायकल."

"कधी अपघात?"

मंगलाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जुळत गेलेली मी पाहिली. आधी काशिनाथ. मग वज्रेश्वरी. मग टाकीवर बसलेली वैशाली.

"तुम्हाला ठाऊक होतं?" तिने विचारलं.

खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. मी मान हलवली.

ती तिथे रडली नाही, ओरडली नाही. डॉक्टरबाईंना म्हणाली, "पुढचं सांगा. गोळ्या कशा द्यायच्या?" आणि पर्समधून पेन काढून लिहून घेऊ लागली. बाहेर आल्यावर जिन्यात थांबून एवढंच बोलली, "गाडीची किल्ली घरी गेल्यावर माझ्याकडे द्यायची." मी दिली. पुढे एक गॅरेजवाला येऊन गाडी घेऊन गेला. मी खिडकीतून पाहिलं. वाईट वाटलं, हेही लपवत नाही.

वॉर्डातले नऊ दिवस

तपासण्यांसाठी नऊ दिवस ठेवून घेतलं. पहाटे ताप बघायचा, मग चहा, मग राउंड, मग कधी डोक्याला तारा लावून आलेख काढायचा, कधी नुसतंच वाट बघायचं. मेंदूच्या एका बाजूला जुना व्रण आहे, एवढं निघालं. लहानपणीच्या कुठल्यातरी तापाचा असावा म्हणाले. मला रडू आलं, आणि ते सुटकेचं होतं. डोक्यात गाठ असेल अशी भीती मी नऊ दिवस चघळत होतो.

शेजारच्या खाटेवर रहीमभाई होते. भिवंडीतलेच, यंत्रमागावरचे, उत्तरेकडून पंचवीस वर्षांपूर्वी आलेले. त्यांनाही फिट यायच्या. त्यांच्या डाव्या हाताला एक बोट कमी होतं.

"लूम पे था, तभी आ गया," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "उसके बाद मैंने सबको बोल दिया. सेठ को, बाजूवाले को, चायवाले को. मैं गिरूं तो पहले मशीन बंद करना, फिर मेरे को देखना."

"काम नाही गेलं?"

"लूम गया. अब सूत की कांडी भरता हूं, बैठ के." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आपने किसको बोला है, साहब?"

मी सांगितलं, कोणालाच नाही. ते हसले नाहीत.

"तो आप गिरोगे तो कौन पकड़ेगा?"

मला त्या प्रश्नाने झोपू दिलं नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. गोळ्यांनी मी मेल्यासारखा झोपायचो. पण दिवसा तो प्रश्न तिथेच असायचा. रहीमभाईंचं स्वतःचं एक बोट गेलं तर त्यांनी गावभर सांगितलं, आणि मी दुसऱ्याचा पाय घेऊन गप्प होतो. आठव्या दिवशी मी त्यांना काशिनाथचं सगळं सांगितलं, उताराच्या माथ्यावरच्या वासापासून. ते ऐकणारे पहिले तेच. त्यांनी पाण्याचा पेला माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ये मेरे को नहीं बोलने का था. उसको बोलने का है."

घर

घरी आलो तो वेगळाच माणूस होऊन. गोळ्यांनी पाय जड, बोलणं संथ. चहाचा कप धरताना मंगला नकळत हात पुढे करायची आणि मी चिडायचो. ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. वैशालीला माझ्याबरोबर रस्त्यावर सोडत नव्हती. तिचं बरोबर होतं.

मी म्हटलं, काशिनाथला सांगायला हवं. आई घाबरली.

"आत्ता? उषाचं बोलणं चाललंय कल्याणच्या लोकांशी. ते होऊ दे. दोन वर्षं गेली, अजून चार महिने गेले तर काय बिघडलं?"

मला ते मनापासून पटलं. लाज वाटते, पण अंगावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. चार महिन्यांची मुदत मिळाली होती.

उषा आत पोळ्या लाटत होती. ती पीठ लागलेले हात तसेच घेऊन बाहेर आली.

"दादा, तुला सांगायचं नसेल तर नको सांगूस. पण माझं नाव पुढे करू नकोस. आणि कल्याणच्यांना मी स्वतः सांगणार आहे, तुला काय होतं ते."

आई तिच्यावर ओरडली. तिने खरंच सांगितलं. कल्याणचं स्थळ परत गेलं. आई दोन दिवस जेवली नाही. उषाचं लग्न पुढच्या वर्षी ठाण्याच्या एका घरात झालं, सगळं सांगून. ते घर आजही मला गोळ्यांची आठवण करून देतं. पण हे पुढचं. तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं, आणि बहिणीसमोर मान वर करून बघवत नव्हतं.

सांगणं

दुसऱ्या सोमवारी मी एसटीने काशिनाथच्या गावी गेलो. स्टॉपपासून त्याचं घर मैलभर. पावसाळा सरत आला होता, वाट अजून निसरडी. तीन-चार वेळा पाय घसरला. पायी ही वाट मी कधी चाललो नव्हतो. काशिनाथ रोज तिरक्या पायाने चालत होता.

तो ओटीवर जाळं विणत बसला होता. हिराने पाणी आणलं. मी उभ्यानेच सांगितलं. मला फिट येतात. त्या दिवशी उतारावर फिट आली होती. गाडी माझ्या हातून सुटली. तू हलला नव्हतास.

त्याचे हात जाळ्यात थांबले.

"मंग मी हल्लोच न्हवतो?"

"नाही."

"तुमाना तवाच म्हाईत होता?"

"हो. वास आला तेव्हाच थांबता आलं असतं. थांबलो नाही."

तो बोलला तेव्हा आवाज चढलेला नव्हता. "मी तुमाना तसा बगितलेला, गोठ्यान. दोन-तीनदा बगितला. पन तुमी सायेब. तुमी बोललात मी हल्लो, तर मी हल्लो. दोन वर्सां मी रोज आटवतंय, कवा हल्लो, कसा हल्लो."

हिराने माझ्या हातातला तांब्या काढून घेतला. मी अजून पाणी प्यायलो नव्हतो. ती आत गेली आणि शेवटपर्यंत बाहेर आली नाही.

"काशिनाथ, मी..."

"हितं नको," तो म्हणाला आणि उठला. "चला."

तो पुढे, मी मागे. मला वाटलं, गावाबाहेर नेऊन मारेल, आणि खरं सांगतो, तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. त्याने मला देवळामागच्या मैदानात नेलं. कबड्डीचा सराव चालला होता. बारा-चौदा जण, कडेला म्हातारे बालारामदादा, त्यांना शिकवणारे. काशिनाथला बघून एकाने सवयीने हाक मारली, "आला रे हलत्या!"

काशिनाथ त्यांना म्हणाला, "थांबा जरा. डॉक्टराना काय सांगायचा हाय."

मी सांगितलं. माझ्या आयुष्यात मी इतकं कमी आणि इतकं अवघड बोललेलो नाही. पोरं एकमेकांकडे बघू लागली. फिट म्हणजे काय, हे एकाने कुजबुजून दुसऱ्याला सांगितलं. बालारामदादांनी कपाळावर हात धरून माझ्याकडे पाहिलं.

"म्हंजे त्या टायमाला गाडी कोन चालवीत होता?"

"कोणीच नाही," मी म्हणालो.

कोणी शिवी दिली नाही. एक उंच पोरगा, ज्याने मघाशी हाक मारली होती, तो काशिनाथजवळ गेला आणि काहीतरी बोलला, मला ऐकू आलं नाही. काशिनाथने त्याच्याकडे न बघता मान हलवली. मग मला म्हणाला, "तुमची यष्टी चुकंल. जा." मला पोचवायला तो आला नाही.

त्यानंतर

त्यानंतर वर्षभर काशिनाथ माझ्याशी कामाव्यतिरिक्त एक शब्द बोलला नाही. सकाळी येई, थर्मासमध्ये बर्फ भरी, गुरं धरी, संध्याकाळी जाई. 'साहेब' म्हणायचं सोडलं, काहीच म्हणत नसे. मी वरिष्ठांना लेखी कळवलं. अपघाताची नोंद बदलली, मला फिरतीवरून काढून दवाखान्यात बसवलं. गावं गाठायची तर एसटीने आणि पायी, बरोबर कोणीतरी असेल तरच. लोक मला बघून कुजबुजत. काही जण गुरं माझ्याकडे आणायचे बंद झाले. फिट स्पर्शाने लागते असं त्यांना वाटे. माझ्या वाट्याला यायला हवं होतं त्याहून ते जास्त नव्हतं.

मंगला हळूहळू बोलू लागली. कसं, ते मला नेमकं सांगता येणार नाही. एकदा गोळी विसरलो तेव्हा ती इतकी चिडली की मला बरं वाटलं. वैशालीला तिने शिकवलं, बाबा पडले तर काय करायचं. ती मुलगी आता शाळेतल्या मैत्रिणींना सांगते, "माझ्या बाबांना फिट येतात," जसं कोणी सांगतं, माझ्या बाबांना चष्मा आहे. मला अजून तसं जमत नाही.

एक्याण्णवच्या उन्हाळ्यात गोळी बदलत असताना दवाखान्याच्या अंगणात मला पुन्हा मोठी फिट आली. शेतकरी जमले होते, भर दुपार होती. जाग आली तेव्हा मी कुशीवर होतो. डोक्याखाली कोणाचा तरी घडी केलेला शर्ट. माझ्या शर्टाची बटणं सैल केलेली. नाकाशी चप्पल नव्हती. काशिनाथ उघड्या अंगाने शेजारी उकिडवा बसला होता आणि एका म्हाताऱ्याला दटावत होता, "कांदा बिंदा काय नको. आपोआप थांबतं ते. मना म्हाईत हाय."

मग माझे डोळे उघडलेले पाहून त्याने मनगटावरच्या घड्याळात बघितलं.

"दोन मिंटां आन वर थोडा," तो म्हणाला. "बाईंना सांगा तसा."

फिट किती वेळ चालली ते बघून ठेवायचं असतं, हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. नंतर कळलं, त्याने मंगलाला विचारून घेतलं होतं. कधी, ते तिला नीट आठवत नाही. मी मैदानावर बोललो त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या आठवड्यात, तो बाजाराला भिवंडीत आला होता तेव्हा दारात उभा राहून. म्हणजे ज्या वर्षभर तो माझ्याशी बोलत नव्हता, त्या सगळ्या वर्षभर त्याला ठाऊक होतं, मी पडलो तर काय करायचं.

शेवटची फिट ती. आता चार वर्षं झाली. काशिनाथ आणि मी अजून एकाच दवाखान्यात आहोत. पावसाळ्यात त्याचा पाय दुखतो, त्या दिवशी गुरं मी धरतो आणि तो खुर्चीवर बसून नोंदी सांगतो.

तुम्हाला किंवा तुमच्या घरात कोणाला हा आजार असेल, तर डॉक्टर सांगतील ते करा, गाडीवर बसू नका, आणि आधी शेजारच्या माणसाला सांगा. यापलीकडे शहाणपणाचं माझ्याकडे काही नाही. त्याने मला माफ केलं का, असं मंगला अधूनमधून विचारते. मी त्याला ते कधी विचारलेलं नाही. विचारायचा हक्क मला आहे असं वाटत नाही, आणि त्याने हो म्हटलं तर मी त्याच्यासमोर उभा कसा राहीन, हेही मला ठाऊक नाही.